नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या शेतकरी पूर्वजाचा माग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची सून मिनेसोटाची. तिच्या आईकडचे खापरपणजोबा 1869 साली नॉर्वेतल्या सोग्न भागातून निघाले आणि मिनेसोटात शेती करू लागले, एवढंच घरात माहीत होतं. नातीने शाळेतून वंशवृक्षाचा तक्ता आणला तेव्हा आमची बाजू कुलवृत्तांत उघडून अर्ध्या तासात भरली. दुसऱ्या बाजूला चार नावांनंतर सगळं कोरं. ते कोरेपण मला बघवेना. पुढची तीन वर्षं मी आणि विहीणबाई मिळून त्या शेतकऱ्याच्या मागे लागलो. इथल्या, अमेरिकेतल्या मराठी घरांत नॉर्वेजियन वंशाच्या सुना-जावई बरेच आहेत, त्यामुळे तेच ते प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

सुरुवात कुठून करायची? थेट नॉर्वेच्या संकेतस्थळावर जाऊ का?

नको. आधी घर धुंडाळा. नॉर्वेत शिरायचं तर हातात तीन गोष्टी हव्यात: माणसाचं नाव वडिलांच्या नावासकट, जन्मतारीख, आणि तो ज्या शेतावरून किंवा पॅरिशमधून, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागातून, आला त्याचं नाव. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची आणि ती बहुतेकदा अमेरिकेतच सापडते: घरातल्या बायबलच्या पहिल्या पानावर, फोटोच्या मागे, थडग्यावरच्या दगडावर, मृत्यूनंतर पेपरात आलेल्या मजकुरात. आयोवातल्या डेकोरा गावाहून 1874 ते 1972 या काळात निघणाऱ्या ‘डेकोरा-पोस्टेन’ या नॉर्वेजियन वृत्तपत्रासारख्या पेपरांत म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे मृत्युलेख येत, आणि त्यात जन्मगाव आवर्जून असे.

त्याहून भरवशाची जागा म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्वेजियन लुथरन चर्चची पुस्तकं. गावाकडचा पाद्री नसला तरी इथल्या पाद्र्याला सदस्याचं जन्मस्थान लिहायची सवय होती. जनगणनेत नुसतं ‘नॉर्वे’ असतं, तिथे चर्चच्या वहीत पॅरिशचं नाव मिळतं. आम्हाला तसंच मिळालं.

पूर्ण नाव माहीत आहे, तरी नॉर्वेच्या नोंदींत माणूस सापडत नाही. असं का?

कारण तुम्ही ज्याला आडनाव समजता ते तिथे आडनाव नव्हतंच. हा एक मुद्दा नीट समजला की निम्मं काम झालं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एकोणिसाव्या शतकातल्या नॉर्वेजियन खेड्यात नावाचे तीन भाग असत. पहिलं स्वतःचं नाव. दुसरं वडिलांच्या नावाला ‘सेन’ किंवा ‘दात्तर’ जोडून झालेलं, म्हणजे अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी. समजा लार्सचा मुलगा ओले, तर तो ओले लार्सेन. ओलेचा मुलगा मात्र लार्सेन होत नाही, तो ओल्सेन होतो. आपल्या मधल्या नावासारखंच हे, दर पिढीला बदलणारं. तिसरा भाग शेताचा. हे नाव आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावासारखं दिसतं, पण फरक मोठा आहे. आपल्याकडे गाव सुटलं तरी ‘कर’ सुटत नाही. त्यांच्याकडे ते नाव म्हणजे पत्ता होता. माणूस एका शेतावरून दुसऱ्या शेतावर राहायला गेला की ते बदलायचं. बायकोच्या शेतावर नांदायला गेलेला नवरा त्या शेताचं नाव लावायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कायम आडनाव घेण्याचा कायदा नॉर्वेत 1923 साली आला.

अमेरिकेत आल्यावर मात्र एकच आडनाव ठरवावं लागलं. कुणी वडिलांचं नाव धरलं, कुणी शेताचं. सख्ख्या भावांनी वेगवेगळं धरलं, अशीही घरं आहेत.

हरितक्रांतीमुळे आपल्या ओळखीचे झालेले नॉर्मन बोरलॉग यांचंच घराणं पाहा. 1914 साली आयोवातल्या क्रेस्कोजवळच्या शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे पणजोबा-पणजी 1854 मध्ये सोग्नफ्योर्डच्या काठावरच्या फेओस गावाहून विस्कॉन्सिनच्या डेन काउंटीत आले. पणजोबांचं नाव ओले ओल्सन डिबेविग आणि पणजीचं सॉल्वेग थॉमसदात्तर रिन्दे. नवरा-बायको दोघांच्या नावात ‘बोरलॉग’ कुठेच नाही. पणतूचं आडनाव घेऊन कुणी 1854 च्या नोंदी चाळत बसला, तर त्याला पणजोबा दिसायचे कसे?

म्हणून माझा आग्रह असा की आडनावाचा पिच्छा सोडा आणि शेत शोधा. ओले लार्सेन नावाचे लोक एकेका पॅरिशमध्ये चार-पाच निघतात. पण अमुक शेतावर, अमुक दिवशी जन्मलेला ओले लार्सेन एकच असतो. शेतांच्या नावांसाठी ओलुफ रीग यांनी सुरू केलेला ‘नॉर्स्के गोर्डनाव्हने’ हा 1897 पासून अनेक खंडांत निघालेला कोश आता शोधता येईल अशा रूपात उपलब्ध आहे. कानावर पडलेला मोडकातोडका उच्चार घेऊन त्यात शोधलं तरी बरेचदा मूळ नाव हाती लागतं.

न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर स्थलांतरितांना तपासणाऱ्या अधिकाऱ्याने आडनाव बदललं असं आमच्या घरात सांगतात. खरं असेल का?

नाही. प्रवाशांच्या याद्या जहाज निघतानाच तयार होत आणि अमेरिकेतले अधिकारी त्या यादीवर खुणा करत. शिवाय एलिस बेट उघडलं 1 जानेवारी 1892 ला. त्याआधी आलेल्यांनी ते पाहिलंही नाही. नाव लोकांनी स्वतःच बदललं, सावकाश, शेजाऱ्यांच्या आणि शाळामास्तरांच्या जिभेला जमेल तसं. गुरीची ज्युलिया झाली, तोर्स्टेनचा थॉमस झाला.

एवढे शेतकरी देश सोडून गेले तरी का?

1825 च्या जुलैत ‘रेस्टॉरेशन’ नावाचं लहानसं जहाज स्टाव्हँगरहून 52 माणसं घेऊन निघालं आणि 9 ऑक्टोबरला न्यूयॉर्कला लागलं तेव्हा माणसं 53 होती. वाटेत एका मुलीचा जन्म झाला होता. तिथून पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त लोक गेले. 1865 मध्ये अख्ख्या देशाची लोकसंख्या साधारण 17 लाख होती, हे लक्षात घेतलं की हा आकडा अंगावर येतो. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर युरोपात फक्त आयर्लंडमधून याहून जास्त लोक गेले.

लागवडीखालची जमीन देशाच्या जेमतेम तीन टक्के. वारसाहक्काने शेत बहुधा थोरल्याकडे जायचं. धाकट्यांनी काय करायचं? बरेच जण ‘हुसमान’ होत, म्हणजे दुसऱ्याच्या शेताच्या कडेला झोपडी आणि तुकडाभर जमीन घ्यायची आणि त्या बदल्यात मालकाकडे राबायचं. आमच्या सुनेचे खापरपणजोबा अशाच एका हुसमानाचे तिसरे चिरंजीव. अमेरिकेत 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर मिळतात, हे पत्रातून कळल्यावर त्यांनी पेटी भरली नसती तरच नवल.

जहाजाची नोंद कुठे मिळेल?

निघण्याचं वर्ष आणि बंदर यावर सगळं अवलंबून आहे. नॉर्वेतल्या पोलिसांच्या स्थलांतर-वह्या क्रिस्तियानिया (आजचं ऑस्लो) आणि ट्रॉन्हाइम इथे 1867 पासून, बर्गनला 1874 पासून मिळतात. सोग्नचे लोक बर्गनहून निघत, त्यामुळे आमच्या 1869 च्या माणसाची अशी नोंद मिळणार नव्हतीच.

दुसरी गोष्ट, जहाज न्यूयॉर्कलाच गेलं असेल हे गृहीत धरू नका. 1850 ते 1865 या काळात बहुतेक नॉर्वेजियन कॅनडातल्या क्वेबेकला उतरत. जाताना माणसं आणि परतताना लाकूड, असा जहाजवाल्यांचा हिशेब होता. क्वेबेकच्या प्रवासी याद्या सलग मिळतात त्या 1865 पासून. आमचं कुटुंब त्या यादीत सापडलं, वय दोन वर्षांनी चुकलेलं आणि नाव इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेलं. आधीच्या वर्षांतलं कुणी सापडत नसेल तर जहाजासाठी अडून बसू नका, पुढे जा.

नॉर्वेतल्या चर्चच्या वह्यांत नक्की काय असतं?

जवळजवळ सगळं. या वह्या नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटलआर्किवेट’ या संकेतस्थळावर पानापानाने, विनामूल्य पाहता येतात. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन तर आहेच. पण मला सगळ्यात जास्त जीव लावला तो पक्कीकरणाच्या नोंदींनी, म्हणजे साधारण पंधराव्या वर्षी चर्चमध्ये होणाऱ्या संस्काराच्या. 1736 पासून तो सगळ्यांना सक्तीचा होता. जन्मतारीख, आई-वडील, शेत, धर्माचं ज्ञान किती हा पाद्र्याचा शेरा, आणि देवीची लस कधी टोचली तेही. 1810 च्या हुकमानुसार लस टोचल्याशिवाय किंवा देवी येऊन गेल्याशिवाय पक्कीकरणही नाही आणि लग्नही नाही.

ती ओळ सापडली ती रात्र मला आठवते. पिवळ्या पानावर काळपट तपकिरी शाई, सतरावा क्रमांक, शेताचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात पाद्र्याचा शेरा: चांगलं ज्ञान, चांगली वागणूक. विहीणबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

त्याच वहीत बाहेर गेलेल्यांची वेगळी यादी असते. कोण, कुठल्या शेतावरून, कधी दाखला घेऊन कुठे निघाला, असं सगळं तिच्यात असतं. पोलिसांची नोंद नसली तरी ही यादी कामी येते. आमची तारीख इथेच पक्की झाली.

बाप्तिस्म्याच्या ओळीत पाच-सहा साक्षीदारांची नावं असतात, तीही शेतासकट. ती जरूर उतरवून घ्या. एका दरीतले लोक अमेरिकेतही एकाच टाऊनशिपमध्ये, म्हणजे काउंटीच्या एका छोट्या विभागात, वस्ती करत. नॉर्वेत बाळाचा साक्षीदार असलेला माणूस वीस वर्षांनी मिनेसोटात शेजारी म्हणून भेटतो, आणि तेव्हा आपण योग्य माणसाच्या मागावर आहोत याची खात्री पटते.

लिपी वाचताच येत नाही. नॉर्वेजियन शिकावं लागेल का?

भाषा नाही, पण तीस-चाळीस शब्द आणि गॉथिक वळण शिकावं लागेल. मोडी शिकताना जसं ओळखीच्या मजकुरापासून सुरू करतात तसंच इथेही करा. महिन्यांची आणि शेतांची नावं आधी घ्या. एका पॅरिशमध्ये तीच शेतं पुन्हा पुन्हा येतात, आठवडाभरात डोळा बसतो. जुन्या वह्यांत तारखेऐवजी ‘ट्रिनिटी या ख्रिस्ती सणानंतरचा तिसरा रविवार’ असं लिहिलेलं असतं. तिथी-वारावरून तारीख काढणाऱ्या आपल्या लोकांना याचं फार अवघड वाटू नये. आणि वर्णमालेतली तीन जादा अक्षरं शेवटी येतात, त्यामुळे सूचीत शेत दिसलं नाही तर शेवटचं पानही बघा.

नॉर्वेतल्या जनगणनेचा शेतकऱ्यासाठी काय उपयोग?

1801, 1865, 1875, 1891, 1900, 1910 आणि 1920 या नावनिशीवार जनगणना पाहता येतात. स्थलांतर करणाऱ्या शेतकऱ्यासाठी 1865 ची सोन्यासारखी, कारण तिच्यात माणसांबरोबर गुरंढोरं आणि पेरणीही मोजली आहे. आमच्या हुसमानाच्या नावावर एक गाय, सहा मेंढ्या, थोडं सातू आणि बटाटे. जेवायला माणसं आठ. का गेले, हे मग वेगळं विचारावं लागत नाही. 1910 च्या जनगणनेत अमेरिकेहून परत आलेल्यांची खास चौकशी केली होती. तुमचा माणूस अमेरिकेत मध्येच नाहीसा झाला असेल तर तो मेला असं धरून चालू नका, तो घरीही परतला असेल.

अमेरिकन जनगणनेत काय बघायचं?

1900 ची आधी बघा. जन्माचा महिना आणि वर्ष, येण्याचं वर्ष आणि नागरिकत्वाची स्थिती तिच्यात आहे. 1890 ची शोधत बसू नका. 1921 मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीनंतर तिचं फारसं काही उरलं नाही. ती पोकळी राज्यांच्या जनगणनांनी भरते. मिनेसोटाने 1865 पासून 1905 पर्यंत दर दहा वर्षांनी स्वतःची केली. 1850 ते 1880 च्या शेतीविषयक तक्त्यांत एकेका शेताचे एकर, जनावरं, गहू, अगदी किती लोणी काढलं तेही सापडतं.

होमस्टेडची फाइल म्हणजे काय? ती मागवण्यात अर्थ आहे का?

पैसे कुठे एकदाच खर्च करायचे असतील तर इथे करा.

कायदा असा होता: वय 21 किंवा कुटुंबप्रमुख असावं, नागरिक असावं किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला असावा. 160 एकरांवर पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. मग दोन साक्षीदार घेऊन अंतिम पुरावा द्यायचा. सगळं पटलं की सरकारी पट्टा, म्हणजे मालकीहक्काचा कागद, मिळे. पट्ट्यांची सूची भूव्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते; तिथून टाऊनशिप, रेंज, सेक्शन हे जमीन-मोजणीचे आकडे आणि पट्ट्याचा क्रमांक घ्यायचा आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे मूळ फाइलची प्रत मागायची. पट्टा म्हणजे नुसता उतारा. खरी गोष्ट फाइलमध्ये असते, जशी सातबाऱ्यापेक्षा फेरफाराच्या नोंदीत असते.

आमच्या फाइलमध्ये त्यांची सही होती, अडखळत काढलेली. घर लाकडी ओंडक्यांचं, 14 फूट बाय 16 फूट, एक दार, दोन खिडक्या. 32 एकर नांगरलेले. आणि साक्षीदार शेजाऱ्याच्या जबानीत लिहिलंय की दोन वर्षं पीक टोळांनी खाल्लं आणि हा माणूस काही महिने मजुरीला बाहेर होता. 1873 ते 1877 या काळात मिनेसोटात टोळधाड आली होती. अशा शेतकऱ्यांना दाव्याची जमीन न गमावता बाहेर जाण्याची मुभा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दिली होती, म्हणून तर ही गैरहजेरी कागदावर आली. त्या साक्षीदाराचं नाव वाचून मी पक्कीकरणाची वही पुन्हा उघडली. त्याच वर्षी, तीन ओळी खाली, तोच होता.

परदेशात जन्मलेल्याच्या फाइलमध्ये नागरिकत्वाचा पुरावाही जोडावा लागे. 1906 पूर्वी कामकाजाच्या नोंदी ठेवणाऱ्या कुठल्याही न्यायालयात नागरिकत्व मिळत असे, त्यामुळे ते कागद कुठल्या काउंटीत शोधायचे ते कळत नाही. फाइलमध्ये त्या न्यायालयाचं नाव आयतं मिळतं. दावा अर्ध्यात सुटला असला तरी फाइल असू शकते, फक्त ती पट्ट्यांच्या सूचीत दिसत नाही.

ती जमीन आधी कुणाची होती?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण विचारायला हवा. दक्षिण मिनेसोटातली जमीन डकोटा या मूळनिवासी लोकांची. 1851 च्या करारांनी ती त्यांच्याकडून घेतली गेली. ठरलेले पैसे आणि धान्य वेळेवर पोचलं नाही, उपासमार झाली आणि 1862 मध्ये युद्ध पेटलं. त्यात वस्तीवरचे अनेक लोक मारले गेले, नॉर्वेजियनही. 26 डिसेंबर 1862 ला मँकाटोत 38 डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं आणि पुढच्या वर्षी डकोटांना राज्याबाहेर घालवलं. आमच्या खापरपणजोबांचे 160 एकर त्यानंतर सात-आठ वर्षांनी ‘मोकळे’ म्हणून मिळाले. नातीच्या तक्त्याखाली आम्ही ही ओळही लिहिली.

बायकांचा माग काढणं जास्त अवघड का जातं?

अमेरिकेत अवघड, नॉर्वेत उलट सोपं. नॉर्वेत लग्नानंतरही बाई वडिलांचंच नाव लावायची. ओल्सदात्तर जन्मभर ओल्सदात्तर. अमेरिकेत येताच ती मिसेस अमुक होते आणि माहेर पुसलं जातं. ते परत मिळवायला मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी बघा, कारण पाद्री बऱ्याचदा आईचं जुनं नाव लिहीत. मुलांची नावंही बोलतात. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या नावाचा, अशी रीत होती. मूल गेलं तर पुढच्याला तेच नाव. 1900 आणि 1910 च्या अमेरिकन जनगणनेत आईला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हे विचारलंय. आमच्या खापरपणजीसमोर नऊ आणि पाच असे आकडे आहेत.

इंटरनेटवर तयार वंशवृक्ष मिळाला. तो उतरवून घेऊ का?

आम्ही तेच केलं आणि आठ महिने भलत्याच माणसाच्या मागे गेलो. नाव तेच, वर्ष तेच, पॅरिश तीच, शेत वेगळं. आमचा समजलेला तो माणूस 1871 मध्ये नॉर्वेतच पुरला गेला होता. दफनाची नोंद पाहिली असती तर एका संध्याकाळीत कळलं असतं. कुणाचाही वृक्ष हा सुगावा समजा. मूळ पानाचं चित्र स्वतः पाहिल्याशिवाय नाव लिहू नका.

खर्च किती येतो?

डिजिटलआर्किवेट आणि फॅमिलीसर्च ही संकेतस्थळं फुकट. अँसेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळाला वर्गणी आहे, पण अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत बसून ती वापरता येते. गाडं अडलंच तर विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचं नॉर्वेजियन अमेरिकन वंशावळ केंद्र आणि नेसेथ ग्रंथालय. तिथे ‘बीग्देबूक’ म्हणजे नॉर्वेतल्या एकेका परिसरातल्या शेतांचे आणि कुटुंबांचे ग्रंथ आहेत, आपल्या कुलवृत्तांताच्या खूप जवळचे. फक्त मांडणी कुळाप्रमाणे नसून शेताप्रमाणे.

डीएनए चाचणीने काम लवकर होईल का?

चुलत घराणी जुळवायला मदत होते. पण तिच्यातून शेताचं नाव मिळत नाही.

नॉर्वेतलं ते शेत आज बघता येतं का?

शेत असेल तर बहुतेक वेळा येतं. नाव तेच राहतं आणि प्रत्येक शेताला नोंदणी क्रमांक असतो, त्यामुळे नकाशावर जागा सापडते. जाण्याआधी सध्याच्या मालकांना पत्र लिहा, सोबत पक्कीकरणाच्या आणि बाहेर गेलेल्यांच्या यादीतल्या ओळींची प्रत जोडा. हुसमानाची जागा मात्र शेताच्या नावाखाली दडलेली असते, तिला वेगळं टोपणनाव असे. ते 1865 च्या जनगणनेत बघून घ्या.

आम्ही गेलो तेव्हा मालकीणबाईंनी गाडी वाटेत ठेवून आम्हाला चढावर नेलं. घर नव्हतं. गवतात दगडांचा चौकोन उरला होता, त्यात एक बर्चचं झाड वाढलेलं. सुनेने पर्समधून होमस्टेडच्या फाइलचं ते पान काढलं, मालकीणबाईंकडून टेप मागून घेतली आणि एका कोपऱ्याशी मला धरायला दिली. आतल्या बाजूने चौदा फूट आणि सोळाला थोडं कमी.